नको म्हणणारी गावं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे. २०१२ साली वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलात बांबू होता आणि तेंदूपत्ताही. दोन्हींचा पैसा होणार होता. ग्रामसभेने बांबू घेतला आणि तेंदूपत्ता सोडला.

पानं चांगली फुटावीत म्हणून तेंदूची झाडं छाटतात, उन्हाळ्यात रानाला आगी लावतात. आगीत पालापाचोळ्याबरोबर नुकती रुजलेली रोपंही जातात. शिवाय झाड ओरबाडलं की टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत, आणि टेंभरं माणसंही खातात, पाखरंही. हा सगळा हिशेब मांडून हातावर पोट असलेल्या कुटुंबांनी हंगामाची रोख कमाई नाकारली. एवढ्यावर न थांबता जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा राखून ठेवला. तिथे कुऱ्हाड चालत नाही. आणि बांबूतून गावातच काम मिळू लागलं, तेव्हा मजुरीसाठी घर सोडून जाण्याची पाळी टळली.

उजाड जमीन सावरण्याच्या गोष्टी आपल्याकडे बहुधा बांधकामाच्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात. इतके बंधारे, इतके किलोमीटर समतल चर, इतक्या घनमीटरचा गाळ. ही कामं लागतातच. पण पाचगावकडे पाहिलं की कळतं, जमीन सावरते ती गावाने काय बांधलं त्यापेक्षा गावाने काय करायचं नाही असं ठरवलं, त्यावर.

हिवरे बाजारची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. निदान तसं वाटतं. पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं, डोंगरावर चर खणले गेले, विहिरींना पाणी लागलं. १९९५ मध्ये १८२ पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढच्या दीड दशकात ती संख्या तीनवर आली. पाहुणे बसने येतात, बंधाऱ्यांचे फोटो काढतात, परत जातात. खरा गाभा मात्र फोटोत येत नाही. डोंगरावर जनावर सोडायचं नाही. चारा विळ्याने कापून डोक्यावरून आणायचा. झाड तोडायचं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस लावायचा नाही. आणि दरवर्षी पावसाळा सरला की किती पाणी पडलं, किती मुरलं, त्यात माणसांना, गुरांना किती लागेल, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा. रब्बीत काय पेरायचं ते त्यानंतर ठरतं. पाऊस कमी झाला, तर ज्याच्या विहिरीत पाणी आहे तोही हात आखडता घेतो. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखात, जिथे शेजारी शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल जायला धडपडतो, तिथे ही गोष्ट बंधाऱ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

अवघड असल्यामुळेच ती सरकारी योजनांतून गळते. जलयुक्त शिवार अभियानावर २०१४ ते २०१९ या काळात नऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. हेतू चांगला होता, अनेक गावांनी मनापासून श्रमही केले. तरी महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने भूजल वाढवण्यात या कामांचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका ठेवला. पाणी साठलं तिथे जास्त पाणी पिणारी नगदी पिकं आली आणि उपशावर कोणाचं नियंत्रण राहिलं नाही. नाला खोल करायला पोकलेन भाड्याने मिळतो. पिकाचा निर्णय भाड्याने मिळत नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. चराईबंदीचा पहिला चटका बसतो तो चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीनाला आणि मेंढपाळाला. विहिरीत पाणी वाढलं तर फायदा शेतमालकाचा, माळ बंद झाला तर तोटा भूमिहीनाचा. ज्या गावात हा प्रश्न दाबला जातो, तिथली बंदी रात्रीच्या अंधारात मोडते. म्हणून माळावरच्या गवतावर पहिला हक्क भूमिहीनांचा, हे आधी ठरावं, मग बंदी यावी. हा दयेचा मुद्दा नाही, बंदी टिकण्याचा आहे.

कायदे हाताशी आहेत. वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक हक्क देण्यात महाराष्ट्र देशात पुढे आहे. भूजलाचा राज्य कायदा शेती-उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो, पण ती मनाई बोअरच्या गाड्यांना रोखताना दिसत नाही. तहसीलदाराने एकट्याने ती राबवून दाखवावी, अशी अपेक्षाही व्यर्थ आहे. ते काम गावच करू शकतं, आणि गावाने केलेल्या नियमांमागे शासनाने उभं राहायला हवं. पुढचा निधी देताना बंधाऱ्यांची यादी मागण्याआधी ग्रामसभेने पीक, उपसा आणि चराईबद्दल केलेला ठराव मागावा.

दोन ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. पावसाळा तेव्हा सरत आलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते. यंदा त्या सभेत आपल्या शिवारात किती पाऊस पडला, एवढा एक आकडा विचारा आणि त्यात उसाचं पाणी बसतं का, ते सगळ्यांसमोर मोजायला लावा.