घाटात सगळेच चालतात

सोमवारी सकाळी एखादा धडधाकट माणूस कठड्याला धरून, भिंतीकडे तोंड करून, उलटा जिना उतरताना दिसला, तर तो आदल्या दिवशी साताऱ्याला धावून आला असावा असं खुशाल समजावं. जिना चढताना त्याला फारसं काही होत नाही. उतरताना मात्र मांड्या त्याचं ऐकत नाहीत. पहिल्या वर्षी माझी ही कसरत पाहून आमच्या इमारतीतल्या एका आजींनी विचारलं होतं, ‘‘पडलात का कुठे?’’ ‘‘नाही, धावलो,’’ म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ती सहानुभूती नव्हती.

साताऱ्याची ‘हिल मॅरेथॉन’ 2012 पासून सुरू आहे. खरं तर ही अर्धी मॅरेथॉन. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, अर्धी त्याच्या निम्मी, म्हणजे 21.1 किलोमीटरला किंचित कमी. पण पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त होणाऱ्या तीन किलोमीटरच्या पळापळीलाही आपण मॅरेथॉनच म्हणतो, तेव्हा साताऱ्याने तो शब्द वापरला तर कुणाची हरकत नसावी. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, पोवई नाक्यावरून शहर ओलांडत समर्थ मंदिराकडे यायचं आणि तिथून यवतेश्वरच्या घाटाला लागायचं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, आणि घाट संपेपर्यंत आणखी तीनशेहून अधिक मीटर वर जावं लागतं. पुढे कासच्या रस्त्यावर थोडं पळून त्याच वाटेने परत खाली. 2015 साली एकाच डोंगरावर इतकी माणसं एका वेळी धावली म्हणून या स्पर्धेचं नाव गिनेस बुकातही गेलं. पावसाळा सरता सरता, कासचं पठार फुलायच्या दिवसांत ती होते. त्या पठाराला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं तेही 2012 मध्येच.

धावणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्या-मुंबईचे असतात. शनिवारी दुपारी येतात, हॉटेलं भरतात, रात्री आठला जेवून झोपायचा प्रयत्न करतात आणि झोप काही येत नाही. पहाटे परेड ग्राउंडवर जमलेल्या गर्दीत रंगीबेरंगी बूट आणि मनगटावरची घड्याळं पाहिली की माझ्यासारख्याला थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण या जिल्ह्याला धावणं आम्ही शिकवायला आलेलो नाही. घराघरात सैनिक असलेलं अपशिंगे गाव याच जिल्ह्यातलं. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली सुरू झाली ती साताऱ्यातच. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी इथे बारा महिने दिसतात. त्यांना मेडल नको असतं, भरती हवी असते. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं, आणि तिथे एकेका सेकंदावर घरातल्या पाच माणसांचं पुढचं आयुष्य टांगलेलं असतं. आम्ही ज्या मैदानावरून हौसेने निघतो, तशाच एखाद्या मैदानावर त्यांची परीक्षा होते.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच जिल्ह्यातली. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी तिने गाठली. 1984 मध्ये पी. टी. उषाने अंतिम फेरी गाठली होती, त्यानंतर बत्तीस वर्षं ट्रॅकवरच्या शर्यतीत एकाही भारतीय स्त्रीला ते जमलं नव्हतं. माण म्हणजे कायम दुष्काळी तालुका. त्या मातीतून ती आली आणि आम्ही वातानुकूलित गाडीतून येतो. याचा अर्थ आम्ही येऊ नये असा मी काढत नाही. मात्र ‘हा सगळा शहरी लोकांचा मेळा, यात खेळ कुठे आहे?’ असं कुणी म्हणालं, तर मी लगेच भांडायला उभा राहत नाही. त्याचं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कळायला घाटात जावं लागतं.

समर्थ मंदिरापर्यंत सगळे शूर असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साताकर उभे असतात. कुठे ढोल-ताशा, कुठे शाळेच्या मुलांचं लेझीम, कुणी आजोबा खुर्ची टाकून बसलेले. इतकी माणसं टाळ्या वाजवत असताना कुणाला सावकाश धावावंसं वाटेल? तिथेच चूक होते. शहरातच चढ सुरू झालेला असतो, पण गर्दीच्या भरात तो जाणवत नाही. घाट लागला, टाळ्या मागे राहिल्या, धुकं खाली आलं की आसपास फक्त बुटांचा आणि श्वासाचा आवाज उरतो. मग पहिल्या-दुसऱ्या वळणावर कुणीतरी एक जण चालायला लागतो. त्याच्याकडे बाकीचे जरा तुच्छतेने पाहतात. पुढच्या वळणावर त्यांतले चार जण चालत असतात. त्यापुढे माझ्या आगेमागे धावणाऱ्यांपेक्षा चालणारेच जास्त दिसतात, आणि जे धावताहेत त्यांचा वेग चालणाऱ्यांपेक्षा फार नसतो. चढ वाढत जातो तसा धावण्यातला आणि झपझप चालण्यातला वेगाचा फरक कमी होतो, छातीतल्या धडधडीतला मात्र होत नाही. ज्याला हे हिशोबाने कळतं तो आधीच चालतो. ज्याला कळत नाही त्याला घाट चालायला लावतो.

याच वेळी समोरून पुढचे धावपटू परत येत असतात. जायचा-यायचा रस्ता एकच, त्यामुळे हा लाभ सपाट शहरातल्या बऱ्याच शर्यतींत मिळत नाही तो इथे मिळतो. आपण सहाव्या-सातव्या किलोमीटरला धापा टाकत असतो आणि अंगात हाडं-स्नायूंशिवाय काहीच नसलेली ती मुलं दगड घरंगळावा तशी खाली येतात. पायांचा आवाज जवळजवळ होत नाही. त्यांच्यामागून येणारे हौशी लोक मात्र बोलतात. ‘‘चला काका, आलंच!’’ हे ‘आलंच’ साडेतीन किलोमीटरवर असतं. खोटं बोलणाऱ्याचा इतका मनापासून आभारी मी दुसरीकडे कुठे झालेलो नाही.

बॉस्टनच्या मॅरेथॉनमधली ‘हार्टब्रेक हिल’ जगभर प्रसिद्ध आहे. तिचा चढ अवघा सत्तावीस मीटरच्या आसपास, पण तो येतो बत्तीस-तेहतीस किलोमीटर झाल्यावर. 1936 साली तिथे जॉन केली या नामांकित धावपटूने एलिसन ब्राउनला गाठलं आणि पुढे जाता जाता त्याची पाठ थोपटली. ब्राउनला त्यातून असा काही जोर चढला की तोच पुढे गेला आणि शर्यत जिंकला. केलीचं काळीज तिथे तुटलं असं एका वार्ताहराने लिहिलं आणि टेकडीला नाव मिळालं. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ असाच शेवटी येऊन छळतो. साताऱ्याचा घाट त्या मानाने सरळ स्वभावाचा. जे काय आहे ते सुरुवातीलाच दाखवतो आणि निर्णय आपल्यावर सोडतो.

निर्णयाचंच मला बोलायचं आहे. आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, साठीच्या जवळचे. वर्षभर त्यांनी नेमाने सराव केला होता, रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन चढही केले होते. आठवा किलोमीटर झाल्यावर ते कडेच्या कठड्यावर बसले. छातीत काहीतरी जड वाटतंय, म्हणाले. पाच मिनिटं बसून मी बरोबरच्या स्वयंसेवकाला हाक मारली. ‘‘तुम्ही जा पुढे, मी उतरतो गाडीने,’’ असं त्यांनीच सांगितलं आणि रुग्णवाहिकेत बसले. मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. गेलो नाही, पुढे पळालो, आणि उरलेली सगळी शर्यत ती गोष्ट मनात घेऊन धावलो. ते खाली माझ्याआधी पोहोचले होते. तपासणीत हृदयाला काहीही झालेलं नव्हतं. आम्लपित्त, डॉक्टर म्हणाले. पहाटे चारला घेतलेल्या कॉफीचा प्रताप.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. घरी, सोसायटीत, मित्रमंडळीत विचारणा : ‘‘मेडल कुठाय?’’ मुलाने थट्टेत म्हटलं, ‘‘बाबा पित्ताला घाबरले.’’ वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी धावण्याचे बूट माळ्यावर टाकले. कित्येक महिने हे गृहस्थ आमच्यात आले नाहीत. छातीत खरोखरच काही निघालं असतं तर सगळ्यांनी त्यांच्या शहाणपणाचं कौतुक केलं असतं. काही निघालं नाही म्हणून ते भित्रे ठरले. आता, कठड्यावर बसलेल्या माणसाला आत पित्त आहे की आणखी काही, हे कळणार कसं? त्याला तिथे एवढंच माहीत असतं की जड वाटतंय. तेवढ्या माहितीवर जो थांबतो त्याचा निर्णय बरोबर, मग तपासणीत काहीही निघो. त्या दिवशी घाटात जे हजारो निर्णय झाले, त्यांतला सर्वांत चांगला त्यांचा होता असं माझं मत आहे, आणि माझा सर्वांत वाईट.

हे मी वाद म्हणून लिहीत नाही. 2022 मध्ये याच स्पर्धेत एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला. वयाने तरुण, हौसेने आलेला. कारणांची चर्चा करण्याचा मला अधिकार नाही. पण त्यानंतरही घाटात ‘थांबायचं नाही, थांबायचं नाही’ असं ओरडून प्रोत्साहन देणारे भेटतात, तेव्हा त्यांचा राग येतो. थांबायचं की नाही हे बाहेरून ओरडणाऱ्याने का ठरवावं? मनगटावरचं घड्याळ आणखी वेगळा छळ करतं. त्यात नाडीचे ठोके दिसतात, पण लोक पाहतात ती किलोमीटरला लागलेली मिनिटं. शिवाय धुक्याने फसगत होते. हवा गार असते, पण दमट असल्याने घाम वाळत नाही आणि अंग आतून तापतच राहतं. मग तहान लागते म्हणून प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी ढोसायचं, हेही बरं नव्हे. घामावाटे मीठ जातं आणि वर पाणी वाढतं, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत आपल्या आज्या उगीच देत नसत.

वर पोहोचल्यावर वाटतं जिंकलो. पण खरा हिशोब उतारावर चुकता होतो. उतार म्हणजे फुकटचा माल असा समज आहे, आणि नियम करणाऱ्यांनाही तो थोडा मान्य असावा. बॉस्टनची वाट सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकूण उताराची आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी असल्याने तिथली वेळ विश्वविक्रम धरत नाहीत. 2011 मध्ये जेफ्री मुताई तिथे 2 तास 3 मिनिटं 2 सेकंदांत धावला, तोवर तितक्या वेगाने ते अंतर कुणीच कापलं नव्हतं, तरी तो विक्रम झाला नाही. असो. उतारावर छातीला आराम पडतो हे खरं, पण प्रत्येक पावलाला अंगाचा भार मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच पेलतात. अशा ताणात स्नायूंचे बारीक धागे दुखावतात. ते त्या दिवशी तक्रार करत नाहीत, एक-दोन दिवसांनी करतात. जिन्याची गोष्ट सुरुवातीला सांगितलीच.

तरीही सगळ्या शर्यतीत मनात राहते ती उताराचीच वाट. धुकं मधेच फाटतं, खाली सातारा दिसतो, समोर अजिंक्यतारा ढगातून अर्धा वर आलेला. कडेला तेरड्याची जांभळी-गुलाबी गर्दी. शहरात परत शिरताना सकाळपासून रस्ता अडवून ठेवलेली गावची माणसं दिसतात. कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कुणाची दुधाची किटली लटकलेली असते, कुणाला एसटी पकडायची असते. त्यांतला एखादा वैतागून पाहतो, आणि त्याचं चुकत नाही. वर्षातून एक सकाळ हे गाव आपला रस्ता आम्हाला देतं. रस्त्यावर कागदी पेले आणि बाटल्या टाकून आम्ही त्याची परतफेड करतो. स्वयंसेवक मागून ते वेचत येतात. हातातला पेला पन्नास पावलं नेऊन डब्यात टाकायला एकवीस किलोमीटर धावणाऱ्याला जड का जावं, हे कोडं मला सुटलेलं नाही.

शेवटच्या सरळ रस्त्यावर माझ्या बाजूने दोन मुली गप्पा मारत पुढे गेल्या. पायात साधे कापडी बूट, अंगावर कुठल्याशा अकादमीचा टी-शर्ट. एक दुसरीला सांगत होती की मैदानी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, आजचा हा सराव झाला. मी त्यांच्या मागे राहण्याचा प्रयत्न केला, साधारण वीस पावलं.

आमच्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात ते पुन्हा पहाटे टेकडीवर दिसले. बूट नवे होते. साताऱ्याला नाव नोंदवलंय, म्हणाले, कॉफी बंद केली आहे, आणि ताण-चाचणीही करून घेतली. ‘‘घाटात चालणार आहे मी या वेळी, पहिल्या वळणापासूनच. तुम्ही बरोबर असाल तर बरं.’’ मी हो म्हटलं. ‘‘फक्त एक करा,’’ जाता जाता ते म्हणाले, ‘‘तुमच्या वहिनींना अजून सांगितलेलं नाही.’’