विषाला न लावता आलेले दार

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. चिखल उपसला गेला, पंचनामेही झाले. परंतु मैलापाणी मिसळलेल्या विहिरीतील जंतूंचा पंचनामा होत नसतो.

जंतू पोटात गेला की रोग झाला, ही समजूत अपुरी आहे. आतडे सतत हलते राहते. त्या प्रवाहात जंतूला प्रथम पाय रोवावे लागतात. तान्ह्या मुलांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायच्या एका प्रकाराची युक्ती तर थक्क करणारी आहे. तो सुईसारख्या नळीतून स्वतःचेच प्रथिन आतड्याच्या पेशीत टोचतो. ते पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि जंतू त्यालाच घट्ट चिकटतो. भाडेकरूने खुंटीही स्वतःचीच आणावी आणि घरमालकाच्या भिंतीत ठोकावी, तसाच हा प्रकार!

पटकीचा जंतू पेशीत शिरत नाही. बारीक तंतूंच्या साह्याने तो अस्तरावर वसाहत करतो आणि विष सोडतो. या विषाचे अस्तित्व शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात दाखवून दिले. विषाचे पाच घटक पेशीला धरतात, सहावा आत जातो. मग पेशीतील क्षार आणि त्यांच्यामागून पाणी आतड्यात वाहू लागते. काही तासांत धडधाकट माणूस सुकून जातो. मात्र साखर आणि मीठ जोडीने आत घेणारे पेशीचे दार या विषाला बंद करता येत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचविले, ते याच दारामुळे. इतक्या अल्प खर्चात इतके जीव वाचविणारे साधन अर्थशास्त्राला क्वचितच आढळेल. तरीही साध्या जुलाबालाही सलाईन लावल्याखेरीज अनेकांचे समाधान होत नाही!

अर्थात पुडीने रोगी वाचतो, विहीर शुद्ध होत नाही. पाण्याच्या समान हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी ज्या महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेथे पाण्याच्या शुद्धतेला दुय्यम लेखणे शोभणारे नाही. पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांची गोष्ट आणखी अवघड. दरडीने रस्ता बंद झाल्यावर टीसीएल पावडर मागवून काय उपयोग? तिचा साठा मेअखेरीसच ग्रामपंचायतीत पोहोचला पाहिजे, आणि ती विहिरीत किती व केव्हा टाकावी हे जाणणारा जलसुरक्षक त्याच वाडीत राहणारा हवा.