कासवांच्या किनाऱ्याजवळ रस्ता अंधारा ठेवा

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई

महोदय,

तुमच्या समृद्धी महामार्गामुळे आम्हा वर्धेकरांना समुद्र जवळ आला. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. पवनारहून पहाटे निघालेलं कुटुंब दिवस मावळायच्या आत खाडीकाठी पोचेल, यावर आमच्या आधीच्या पिढीचा विश्वास बसला नसता. त्या रस्त्यावर वन्यप्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून तुम्ही खालून आणि वरून वाटा काढल्यात. त्याच भरवशावर हे पत्र लिहितो आहे, कारण कोकण किनाऱ्याने जाणारा रेवस ते रेडी हा सागरी महामार्गही तुमच्याच हाती आहे.

माझं मागणं एकच. समुद्री कासवं ज्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, तिथे हा रस्ता अंधारा ठेवा.

हे मागणं आमच्या कोकणच्या प्रवासातून आलं. आम्ही बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, बाणकोटची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो आणि वेळासला एका घरी मुक्काम केला. एके काळी इथली कासवाची अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ते थांबवलं. राखण करणारे हे गावकरी, म्हणजे कासवमित्र, भल्या पहाटे वाळू धुंडाळतात, मादीच्या पावलांचा माग काढतात आणि अंडी कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात पुरतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती उबायला दीड-दोन महिने लागतात. सकाळी खड्ड्यावरची टोपली उचलली आणि तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांवर चढत बाहेर आली. वाळूवर सोडताच ती समुद्राच्या दिशेने निघाली. त्यांना वाट कुणी दाखवली, असं माझ्या मुलीने विचारलं. उजेडाने, असं कासवमित्र म्हणाले.

माझ्या मागण्याचं मूळ या उत्तरात आहे. घरट्यातली पिल्लं बहुधा रात्री बाहेर पडतात. रात्री किनाऱ्यावर सर्वांत उजळ असतं ते समुद्राकडचं आभाळ, आणि त्या उजेडाकडे जायचं एवढंच त्यांना ठाऊक असतं. पाठीमागे रस्त्यावर पांढरे दिवे लागले की ती उलट फिरतात आणि कुर्ल्या, कुत्री, उन्हाचा ताव किंवा गाडीचं चाक यांतल्या कशाला तरी बळी पडतात. पिल्लं तर माणसंच सोडतात, मग दिव्यांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण प्रत्येक घरटं माणसाला सापडत नाही. शिवाय मादी बहुधा रात्रीच वर येते, आणि किनारा उजळलेला दिसला तर अंडी न घालताच परत फिरू शकते.

ती किती लांबून आलेली असते, हेही सांगतो. ओडिशात 2021 मध्ये परावर बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्वेच्या समुद्रातून दक्षिण टोकाला वळसा घालून ती कोकणात आली होती. आमच्या धाम नदीचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं वाहत त्याच पूर्वेच्या समुद्राला मिळतं. तेव्हा कासव हा फक्त कोकणातल्या माणसांचा विषय आहे, असं मी मानत नाही.

पुढचा प्रवासही असाच भरभरून होता. हर्णैजवळ डॉल्फिन दिसले, हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी कातळाच्या चिरेतून उसळताना पाहिलं. मालवणला, 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालेल्या समुद्रात, सिंधुदुर्गाच्या सावलीत प्रवाळ आहेत. हे पाहायला येणाऱ्याला ताशी 120 किलोमीटरचा वेग लागत नाही. त्याला थांबायला जागा लागते.

म्हणून वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी अशा किनाऱ्यांजवळ रस्ता वाळूपासून शक्य तितका मागे, झाडीच्या आडून न्या. जिथे दिवा लागणारच, तिथे खांब बुटका असू द्या, वर झाकण आणि उजेड खाली रस्त्यावर. दिवा पिवळसर-तांबूस, 560 नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचा घ्या. नोव्हेंबर ते मे या काळात समुद्राच्या बाजूचे दिवे बंद ठेवा. अपघाताची काळजी रास्त आहे. त्यासाठी वेगमर्यादा कमी करा आणि रस्त्यात रिफ्लेक्टर बसवा.

या किनाऱ्यांवर अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले कासव 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तरीही दिव्याचा खांब कुठे उभा राहणार, हे शेवटी निविदेतल्या अटींवरच ठरतं. त्या अटी लिहिण्याआधी प्रत्येक गावच्या कासवमित्रांना बोलवा आणि घरटी कुठे असतात ते त्यांच्याकडून नकाशावर मांडून घ्या. ही माहिती त्यांच्या रोजच्या नोंदवहीत आहे.

आपला,
पवनारचा एक रहिवासी
(जि. वर्धा)