घरची गाडी, दाराची कुरकुर



साडी घेताना आपण काय करतो? दुकानदाराने घडी मोडली, की आधी पदर पाहतो, मग काठ पाहतो, उजेडात नेऊन कुठे धागा सुटला आहे का ते पाहतो. पाचशेची असो नाहीतर पाच हजारांची, पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. आणि घरात आठ-दहा लाखांची गाडी येते तेव्हा? तेव्हा आपण हार घालतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. दाराच्या आतले पॅनेल नीट बसले आहे का, हे पाहायचे कुणाच्या मनातही येत नाही!

हे आज लिहायचे कारण, साताऱ्याकडच्या एका भगिनीचे पत्र. कर्ज काढून घेतलेल्या गाडीला आठ महिने झाले आहेत. मागच्या दाराच्या आतले पॅनेल खालच्या कोपऱ्यात सुटले आहे, आणि डॅशबोर्डमधून खडखड आवाज येतो. त्या लिहितात, “गाडी ह्यांच्या नावावर, पण चालवते मी. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं माझ्याकडे. सर्व्हिसिंगच्या वेळी दोनदा सांगितलं. तिथला माणूस हसून म्हणाला, मॅडम, एवढा आवाज प्रत्येक गाडीत असतो. हे म्हणतात, गाडी पळते ना, मग बारीकसारीक गोष्टींसाठी कशाला भांडायचं? खरंच मी उगाच किरकिर करते आहे का?”

नाही हो, मुळीच नाही. पण दोनदा तोंडी सांगून तुम्ही थांबलात, तिथे चुकलात. हीच चूक मीही केली होती. आधी तीच सांगते.

आमच्या पहिल्या गाडीच्या छताचे आतले कापड मागच्या काचेपाशी चार बोटे सुटले होते. म्हटले, दिवाळी होऊ दे, मग दाखवू. दिवाळी झाली, नणंदेच्या मुलीचे लग्न निघाले. मग एके दिवशी मीच शहाणपणा केला. घरातला झटपट चिकटणारा गोंद आणला आणि कापड दाबून बसवले. दोन महिने बरे गेले. उन्हाळा आला आणि कापड हातभर खाली लोंबायला लागले. शेजारच्या प्लास्टिकवर गोंदाची पांढरट झाक बसली होती, ती वेगळीच. वर्कशॉपमध्ये नेले, तर त्यांनी गोंद पाहिला आणि म्हणाले, “हे बाहेर दुरुस्त केलेलं आहे.” शिवाय वॉरंटी संपून एकोणीस दिवस झाले होते. वेळेवर दाखवले असते तर फुकटात झाले असते, त्याला चांगले काही हजार मोजावे लागले. आमचे हे काही बोलले नाहीत. पण मला मात्र चार दिवस जेवण गोड लागले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की वॉरंटी आहे तोवर घरी चिकटवाचिकटवी करायची नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून पॅनेल उचकटायचेही नाही. आतली बरीच पॅनेले प्लास्टिकच्या क्लिपांवर बसवलेली असतात. ओढली की क्लिप मोडते, कडेला खाच पडते, आणि मग दोष कारखान्याचा की आपला, हे सांगता येत नाही. ज्या भागावर एअरबॅग असे लिहिलेले असते, त्याला तर हातही लावू नका.

दुसरी गोष्ट, गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची पुस्तिका. ती कपाटात विम्याच्या कागदांखाली गेली असेल, आज बाहेर काढा. वॉरंटी सहसा ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत असते. नुसत्या वर्षांवर विसंबून राहू नका, गाडी फार फिरत असेल तर किलोमीटर आधी भरतात. शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. कशाला वॉरंटी नाही, तेही त्याच पुस्तिकेत वाचा. वापराने झालेली झीज, आपल्या हातून पडलेले ओरखडे, उन्हाने उडालेला रंग, बाहेरून बसवून घेतलेल्या वस्तूंनी झालेली खराबी, हे सहसा वॉरंटीत बसत नाही. शिवण उसवणे, क्लिप न धरणे, पॅनेल सुटणे, खणाचे झाकण नीट न लागणे, अशा दोषांबद्दल मात्र जरूर विचारावे. आतल्या काही भागांची मुदत वेगळी, कमी असू शकते, तीही पाहून ठेवा.

आधी आपले घर तपासा

वर्कशॉपला जाण्याआधी एक दिवस गाडी पूर्ण रिकामी करा. डॅशबोर्डवरचा गणपती, खणातली चष्म्याची डबी, दारातल्या पाण्याच्या बाटल्या, सुटी नाणी, डिकीतली छत्री, सगळे घरात आणा. एकदा आमच्या शेजारच्या वहिनी आठवडाभर आवाज शोधत होत्या, आणि निघाली काय, तर सीटखाली घरंगळलेली हळदीकुंकवाची डबी! सगळे काढूनही आवाज येत असेल, तर तो गाडीचा आहे हे छातीठोकपणे सांगता येते.

मग रोजच्याच खडबडीत रस्त्याने जा. शेजारी बसलेल्याने एकेका जागी हाताने दाबून पाहावे. दाबल्यावर आवाज थांबला, की जागा सापडली. किती वेगाला येतो, सकाळी येतो की उन्हात गाडी उभी राहिल्यावर, हे लिहून ठेवा. प्लास्टिक तापले की पसरते आणि गार झाले की आवळते. म्हणून काही आवाज दुपारीच येतात आणि काही भल्या सकाळीच. वर्कशॉपमध्ये गाडी वेगळ्या वेळी पाहिली, तर त्यांना आवाज ऐकूच येत नाही, आणि खोटे आपण ठरतो. शेजारच्या माणसाने मोबाइलवर आवाज भरून घ्यावा. सुटलेल्या कोपऱ्याचा फोटोही काढावा.

एक मात्र लक्षात ठेवा. पायाखालचे कार्पेट ओले लागले, तर ती बारीक गोष्ट समजू नका. दाराच्या रबरातून पावसाचे पाणी येत असेल, नाहीतर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली असेल. कार्पेटखालून तारा गेलेल्या असतात, पत्राही गंजतो. तेव्हा सर्व्हिसिंगची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा. सीटबेल्ट अडकणे, सीट हलणे, दार नीट न लागणे, हेही असेच. ही कुरकुर नव्हे, ही सुरक्षिततेची बाब आहे.

लिहिले ते राहिले

आता मुख्य मुद्दा. वर्कशॉपमध्ये गाडी दिली की जॉब कार्ड नावाचा कागद भरतात. आपण सांगितलेली तक्रार त्यावर उतरली पाहिजे. “सांगितलंय त्यांना” याला पुढे काही किंमत राहत नाही. “आतून आवाज” एवढेही पुरत नाही. आपण घरूनच कागद लिहून न्यावा. साताऱ्याच्या भगिनीसाठी नमुना देते:

“१) चालकाच्या मागच्या दाराच्या आतल्या पॅनेलचा खालचा कोपरा सुटला आहे. दाबल्यावर बसतो, दोन-तीनदा दार लावल्यावर पुन्हा सुटतो. २) डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाला, खडबडीत रस्त्यावर खडखड आवाज येतो. दुपारी जास्त येतो. याआधी अमुक आणि अमुक तारखेला तोंडी सांगितले होते. वॉरंटीत दुरुस्त करून किंवा भाग बदलून मिळावे. बसत नसल्यास कारण लेखी द्यावे.”

खाली गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख आणि सही. एक प्रत त्यांना द्या, एक त्यांची पोच घेऊन आपल्याकडे ठेवा. जॉब कार्डवर सही करण्याआधी ते वाचा. वाण्याची यादी आपण दोनदा वाचतो, मग हा कागद न वाचता सही का करायची? आवाजाची तक्रार असेल तर तिथल्या माणसाला शेजारी बसवून त्याच वेगाने एक फेरी मारा. गाडी परत घेतानाही घाई नको. कोपरा दाबून पाहा, दार चार वेळा लावा, आणि मगच “काम झाले” यावर सही करा. भाग मागवावा लागेल म्हणाले, तर कोणता भाग आणि कधी येणार, हे लिहून घ्या. वॉरंटी संपायला आली असेल तर हे फारच महत्त्वाचे. मुदतीतली तक्रार मुदतीत लिहिली गेली आहे, हे त्या कागदावरूनच सिद्ध होते.

आणि हो, आवाज चढवू नका. समोरचा मुलगा नोकरीला असतो. त्याने पॅनेल बनवलेले नाही. त्याला चहा विचारल्यासारखे गोड बोला, पण कागद घेतल्याशिवाय उठू नका. त्याच्याकडून झाले नाही तर तिथल्या मॅनेजरला, आणि मग कंपनीच्या ग्राहक विभागाला, जुन्या जॉब कार्डांच्या प्रती जोडून लिहा.

तरीही ऐकले नाही तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवतात, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवे. अर्थात एका क्लिपसाठी कुणी आयोगाकडे धावू नये, आणि पट्टी सुटली म्हणून नवी गाडी मिळेल अशी आशाही धरू नये. पण हा दरवाजा आहे हे माहीत असलेली बाई वर्कशॉपमध्ये वेगळ्याच धीराने बोलते.

आपल्याकडे हे काही नवे नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली, तेव्हापासून किती तरी गृहिणींनी एकत्र येऊन महिन्याचे वाणसामान घेतले आणि वजनाला, दर्जाला प्रश्न विचारायला शिकल्या. ज्या हातांनी तांदळातले खडे पाहिले, त्यांनी गाडीतला दोष पाहिला तर नवल काय?

आता त्या पत्रातला शेवटचा प्रश्न. “गाडी ह्यांच्या नावावर, मी कोण सांगणार?” याचे उत्तर कायद्यातच आहे. वस्तू ज्याने विकत घेतली तो ग्राहक आहेच. पण त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ग्राहकच आहे. म्हणजे रोज चाक हातात धरणाऱ्या तुम्हीसुद्धा. कागदावर ह्यांची सही जरूर घ्या, व्यवहाराला ते बरे. पण आवाज कुठून येतो हे ज्याने ऐकले त्यानेच सांगायचे. आणि तो रोज तुम्ही ऐकता.

तेव्हा किरकिर नव्हे हो, ही काळजी आहे. कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला पूर्ण जातो. मग गाडी तेवढी अर्धवट का घ्यायची?

जाता जाता: डॅशबोर्ड चमकावायला नेलपॉलिश रिमूव्हर किंवा तसले काही लावू नका, प्लास्टिकचा रंग आणि झिलई जाते. मऊ फडके सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर बाजारातले कुठलेही कव्हर चढवू नका, आधी कंपनीला विचारा.

बरं, मग कॅलेंडरवर ती तारीख लिहिलीत ना? आणि साताऱ्याच्या भगिनी, काय झालं ते नक्की कळवा. वाट पाहते.