म्हशीच्या खुराकाचा हिशेब पाठ, आणि स्वतःचा?



"धंदा उभा करायचाय ना, मग रोज 16 तास काम करा. शरीर थकतं म्हणणारा धंदा करूच शकत नाही." हे वाक्य माझंच आहे. सुरुवातीच्या एका व्हिडिओत छाती ठोकून बोललो होतो. तो व्हिडिओ अजून बघितला जातो, म्हणून आज इथे लिहून सांगतो, ते म्हणणं मी मागे घेतोय.

का, ते ऐका.

चॅनेल सुरू करायच्या आधी बिद्री भागात माझं पशुखाद्याचं दुकान होतं. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा, मिनरल मिक्श्चर. आपल्या भागात घरटी म्हैस, त्यामुळे गिऱ्हाईक कमी नव्हतं. साखर कारखान्याचा सीझन सुरू झालेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि त्याच दिवशी माझी गाडी आली. 50 किलोची 40 पोती. हमाल त्या दिवशी ऊसतोडीच्या गाडीवर गेलेला. मी म्हटलं, दुसरा कशाला शोधायचा, हमाली वाचेल. दोन-अडीचशे रुपयांचा प्रश्न होता.

अकराव्या पोत्याला कमरेत कळ आली आणि मी तिथेच बसलो. मणक्याची गादी सरकलेली. तीन आठवडे अंथरुणावर. दुकान मंडळींनी सांभाळायचा प्रयत्न केला, पण कुणाची किती उधारी, कुणाला कुठली पेंड, हे सगळं माझ्या डोक्यात. दहा जनावरं असलेली तीन गिऱ्हाईकं मुदाळ तिट्ट्याकडच्या दुकानात गेली. एक परत आलं, दोन नाही आली. अडीचशे रुपये वाचवायला गेलो आणि वर्षाला काही हजारांचा गल्ला घालवला.

डॉक्टरांनी विचारलं, त्या दिवशी सकाळपासून काय खाल्लं होतं? चहा-खारी, परत चहा, अकरा वाजता वडापाव. व्यायाम? "दुकानात उभाच असतो की ओ." ते हसले नाहीत.

खरा टोला वेगळ्याच माणसाने दिला. आमचे एक म्हातारे गिऱ्हाईक बघायला आले होते. खाटेशेजारी बसून म्हणाले, "पोरा, दोन लिटर दुधामागं किलोभर पेंड, वर शरीर टिकवायला किलो-दीड किलो, हे तू सगळ्या गावाला सांगत फिरतोस. तुझं स्वतःचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का, बघा.

गंमत अशी की आपल्याकडे जनावर पाळणाऱ्या प्रत्येक माणसाला ताकदीचं शास्त्र येतं. दूध जास्त पाहिजे तर आधी खुराक वाढवावा लागतो, नुसती धार जोरात काढून भागत नाही. पेंड बदलायची तर एका दिवसात बदलत नाहीत, आठवडा-दहा दिवस जुन्यात नवी मिसळतात, नाहीतर पोट बिघडतं. आणि गाभण म्हैस विण्याआधी दोन महिने आटवतात. त्या दोन महिन्यांत दूध शून्य, खाणं चालू. कुणी म्हणत नाही की म्हैस आळशी झाली. कारखाना बघा की. सीझनमध्ये रात्रंदिवस गाळप, आणि सीझन संपला की महिनोन्‌महिने मिल उघडून दुरुस्ती. स्वतःच्या शरीराची वेळ आली की मात्र आपण खुराक नाही, विश्रांती नाही, आणि थेट 50 किलोचं पोतं.

लहान उद्योजकाला हे नोकरदारापेक्षा जास्त लागू आहे. त्याला आजारपणाची रजा असते. तुमच्या पिठाच्या गिरणीला, शिलाईच्या मशीनला, पापडाच्या ऑर्डरला रजा नाही. तुम्ही झोपलात की शटर खाली. भाड्याचा, हप्त्याचा हिशेब तुम्ही मांडता, पण ज्या एका मशीनवर सगळं चालतं त्याच्या देखभालीचा खर्च कुठल्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मी अजून बघितलेला नाही. माझ्या स्वतःच्याही नव्हता.

"लिमिट तोडा" म्हणणाऱ्यांना मी एक उदाहरण देतो, आपल्या जवळचंच. खाशाबा जाधव. गाव कराडजवळचं गोळेश्वर, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीतला हा गडी पहिल्यांदाच अशा मॅटवर उतरत होता. तरी सहावा आला. मग चार वर्षं मेहनत, आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहाव्यावरून तिसऱ्यावर यायला चार वर्षं लागली, हे लक्षात घ्या. आणि हेलसिंकीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. जपानच्या इशीबरोबर लांबलेली दमवणारी लढत झाल्या झाल्या त्यांना सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं. दोन लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण ती मागून घ्यायला आपला कुणी अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा हरले. अर्धा तास! एवढ्या तयारीच्या माणसालाही दमलेल्या अंगाने जिंकता आलं नाही, आणि आपण रात्री साडेअकराला हिशेब लिहून पहाटे पाचला माल आणायला निघतो आणि म्हणतो, चालतंय.

(त्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं होतं, आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून ते पैसे फेडले. भांडवलावर बोलू तेव्हा हे परत काढीन.)

आता कामाचं. जिमला जायलाच पाहिजे असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. दोन दिवस. आमच्याकडच्या तालमीतले पठ्ठे पहाटे उठून हजारांत बैठका मारतात, त्यांचं बघून आपण पहिल्याच दिवशी शंभर मारायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी चढता येणार नाही.

मी स्वतः बरा झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, असं सुरू केलं. दहा बैठका, मध्ये दोन मिनिटं दम, असे तीन वेळा. जोर जमिनीवर जमत नव्हते, म्हणून दुकानाच्या ओट्याला हात लावून तिरके. एका गोणपाटात दहा किलो वाळू भरली, तोंड घट्ट शिवलं, आणि ते उचलायचं. पोतं अंगाला चिकटून, गुडघे आणि खुबे वाकवून, पाठ सरळ, उचलताना वळायचं नाही. पहिले दोन महिने हेच. सोमवार, गुरुवार, जमलं तर शनिवार. मधला दिवस मोकळा, कारण स्नायू भरून निघतो तो त्या मोकळ्या दिवशी आणि झोपेत. आणि प्रत्येक वेळी अजून दोन मारता येतील असं वाटत असताना थांबायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. धंदेवाल्याच्या रक्तातच नाही ते.

एक वही ठेवा. उधारीची ठेवता तशी. तारीख, किती बैठका, किती किलो. सलग दोन वेळा आरामात जमलं तर पुढच्या वेळी दोन बैठका किंवा किलो-दोन किलो वाढवा. मर्यादा अशी सरकते, पण व्यायाम सोडला तर हळूहळू परत मागे येते. स्नायू दुखणं वेगळं आणि सांध्यात किंवा कमरेत कळ येणं वेगळं. कळ आली तर तिथेच थांबा. रक्तदाब, हर्निया, मणक्याचं जुनं दुखणं असेल तर माझं ऐकून काही सुरू करू नका, आधी डॉक्टर.

आता खुराक. राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण साधारण असं, वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम धरतात, म्हणजे 78 ते 104. ऐकायला मोठं वाटतं. मांडून बघा. दोन अंडी 12 ग्रॅम. म्हशीचं अर्धा लिटर दूध 18 च्या आसपास. मूठभर शेंगदाणे सात-आठ. 50 ग्रॅम फुटाणे दहा. एक वाटी मटकीची किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ सात-आठ. दिवसभराच्या चार भाकरी वीस-बावीस. झाले 75 च्या वर, आणि दही, डाळ अजून धरलेली नाही. यातलं एकही बाहेरून मागवायचं नाही. दोन-तीन हजारांचा पावडरचा डबा वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण घरचं दूध सगळं डेअरीला घालून त्याच पैशात डबा आणणारी पोरं मी बघितली आहेत, त्यांना माझा नमस्कार.

आणि हो, आपला तांबडा-पांढरा. चार वाट्या रस्सा ओरपला म्हणजे खुराक झाला असं समजू नका. प्रथिनं फोडीत असतात, आणि पंगतीत फोडी किती येतात ते आपल्याला माहीत आहे.

भगिनींनो, हे तुम्हालाही तेवढंच लागू आहे, जरा जास्तच. बचत गटाच्या बैठकीत बघतो, पन्नास-शंभर किलो पापड लाटणाऱ्या बाया सकाळपासून चहावर असतात, आणि घरात अंडं-दूध आधी पोरांना, मग मालकांना, उरलं तर स्वतःला. गटाच्या नफ्यातून रोज कामाच्या जागी फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा ठेवा. खर्च म्हणून लिहा, चहा-पाण्याच्या खाली.

"सर, वेळ कुठाय?" हा प्रश्न येणार. माझा सगळा व्यायाम 25 मिनिटांत होतो. ओळखीच्या एका वेल्डिंगवाल्याने दुकान अर्धा तास उशिरा उघडायला सुरुवात केली, पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाईकं कुरकुरली, मग त्यांनाही वेळ पाठ झाली. मी संध्याकाळचं करतो, सव्वासहाला मोबाईल गल्ल्यात टाकून.

वाळूचं गोणपाट आता 32 किलोचं आहे. पन्नासचं पोतं मी अजूनही एकट्याने उचलत नाही. हमाली देतो.