कॉइल नवी, विष तेच

आपली पोरं हाताची हुशार. व्हेपची जळकी कॉइल काढून स्वतः तार गुंडाळतात, कापूस बदलतात. धूर जास्त निघावा म्हणून तारेचा रोध कमी करतात. पण रोध घटला की बॅटरीतून जास्त करंट ओढला जातो. लिथियमची बॅटरी तापून फुटू शकते. कापूस कोरडा जळला की फॉर्मल्डिहाइड छातीत जातं. निकोटिनचं पाणी लेकरानं प्यायलं तर जिवावर बेततं.

२०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं गुन्हा आहे; पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आम्ही जालन्यातल्या मायबापांना सांगतो, पोराला मारू नका, जवळ बसवा. तंबाखू-निकोटिन सोडण्याचा सल्ला १८००-११-२३५६ वर मोफत मिळतो. आणि तार गुंडाळणाऱ्या त्या हातांना आयटीआयची वाट दाखवा.