आधी तारीख, मग यादी!



"सगळं नीट जमलं की नवीन माल बाजारात आणू." हे वाक्य तुम्हीही कधीतरी बोलला असाल. माझं मत स्पष्ट आहे. असं म्हणणाऱ्याचा माल बहुतेक वेळा सण उलटून गेल्यावर येतो. आधी तारीख ठरवा, मग त्या तारखेपर्यंत होईल एवढंच काम हाती घ्या.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे उबंटू. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ही ऑपरेटिंग सिस्टीम, पण फुकट, आणि तिचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो. पगारी आणि हौशी, अशी जगभरातली माणसं मिळून ती बनवतात. त्यातल्या बऱ्याच जणांना तर कुणी साहेबच नाही! तरीही २००४ पासून साधारणपणे दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती येते, बहुतेक वेळा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. महिना तर नावातच असतो. ४.१० म्हणजे २००४ चा ऑक्टोबर, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल.

उबंटू ज्या डेबियनवर उभी आहे, तिची पद्धत वेगळी. तयार होईल तेव्हा येईल. माल अगदी मजबूत, पण ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. डेबियनला ते चाललं, कारण तिला दुकानाचं भाडं भरायचं नव्हतं. तुम्हाला भरायचंय.

मग उबंटूवाले तारीख पाळतात कशी? काही आठवडे आधी 'फ्रीझ' लावतात. म्हणजे नवीन सुविधा घेणं बंद, फक्त दुरुस्ती. जे राहिलं ते पुढच्या आवृत्तीत. एक एसटी चुकली तर पुढची धरायची, एकासाठी गाडी थांबवायची नाही. नंतर स्क्रीनवरचा मजकूरही गोठवतात, नाहीतर मराठीसारख्या भाषांत अनुवाद करणाऱ्यांचं काम कधी संपणारच नाही.

आता हे आपल्या धंद्यात आणू. समजा, अनसिंगमध्ये तुमचा मसाल्याचा गृहउद्योग आहे आणि दिवाळीसाठी तीन नवे मसाले आणायचेत. वाशीम-पुसदच्या दुकानांत वसुबारसेच्या १५ दिवस आधी माल पोचलाच पाहिजे. तिथून उलटं मोजा: पॅकिंग कधी, दळण कधी, पाकिटं छापायला कधी. तीनपैकी दोनच मसाले जमले? दोनच आणा, तिसरा संक्रांतीला. आणि पाकिटाचा मजकूर छपाईला गेला की तुमचा फ्रीझ लागला. त्यानंतर वजन बदललं, तर छापलेल्या पाकिटांचा पैसा पाण्यात.

"पण सर, तारखेच्या नादात खराब माल गेला तर?" बरोबर प्रश्न. त्यासाठी फेडोरा बघा. पुण्यात ऑफिस असलेल्या रेड हॅट कंपनीच्या पाठबळावर चालणारी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. कोणता दोष असेल तर आवृत्ती सोडायची नाही, याचे निकष तिथे आधीच लिहिलेले असतात. शेवटच्या बैठकीत ते बघून 'सोडायची की थांबायचं' ठरतं. नोव्हेंबर २०१२ ची फेडोरा १८ अशीच जानेवारी २०१३ पर्यंत थांबली. तुमच्या यादीत लिहा: ओल राहिली, वास आला, वजन कमी भरलं, तर माल जाणार नाही. मग सण असो की लग्नसराई.

आणि हातात थोडे दिवस राखून ठेवा. २०२४ च्या मार्च अखेरीस एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये कुणीतरी मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा सापडला. उबंटूवाल्यांनी संशयाच्या काळात बनलेली पॅकेजेस टाकून पुन्हा बनवली. चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली. तरीही अंतिम आवृत्ती ठरल्या दिवशीच, २५ एप्रिलला आली.

आज रात्री एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: माल पोचवायची तारीख, वेळ कमी पडला तर काय सोडणार, आणि कोणत्या कारणाने माल रोखणार. कागद भिंतीवर लावा आणि तारीख दुकानदाराला सांगून टाका. एकदा शब्द दिला की हात आपोआप चालायला लागतात!